मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये

दात्याचा कॉर्निया बसवून दृष्टी परत मिळालेल्या माणसाला काही वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं, की त्याच्या पोटात गोळा येतो. शरीराने कॉर्निया नाकारला की काय? तपासल्यावर मात्र अनेकदा कॉर्निया लख्ख निघतो. गढूळ झालेलं असतं ते त्याच्या मागचं नैसर्गिक भिंग. कॉर्निया टिकावा म्हणून महिनोन् महिने घातलेले स्टेरॉइडचे थेंबही मोतीबिंदूला हातभार लावतात.

एरवी मोतीबिंदू काढणं पंधरा-वीस मिनिटांचं काम. या डोळ्यात मात्र आधी पेशी मोजाव्या लागतात. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. आत झिरपणारं पाणी तो सतत उपसतो, म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो. निरोगी प्रौढ डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी असतात. हा आकडा ५०० च्या आसपास आला, की कॉर्निया सुजून पांढुरका होऊ शकतो. गेलेल्या पेशी भरून येत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून खिंडार बुजवतात, एवढंच.

बसवलेल्या कॉर्नियात ही गळती मुळातच जास्त. त्यात मोतीबिंदू काढण्याच्या ‘फेको’ पद्धतीची भर. दंतवैद्याचं अल्ट्रासाउंड उपकरण पाहून न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना सुचलेली ही पद्धत १९६७ पासून वापरात आली. अल्ट्रासाउंडने भिंगाचा चुरा करून तो ओढून घ्यायचा. मोतीबिंदू जितका कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते आणि पेशीही जास्त दगावतात. ‘पिकू द्या, मग काढू’ हा जुना सल्ला इथे अंगाशी येतो.

म्हणून डॉक्टर आतल्या थरावर चिकट जेलचा लेप देतात आणि भिंगाचे तुकडे कॉर्नियापासून शक्य तितक्या लांब फोडतात.

पण फार घाईही चालत नाही. पूर्ण जाडीचा कॉर्निया केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी शिवलेला असतो. त्यांचा ताण कमीजास्त झाला, की सिलिंड्रिकल नंबर चार-पाचपर्यंतही जातो. टाके निघाले, की वक्रता पुन्हा बदलते. त्यामुळे जमेल तिथे टाके काढून, वक्रता स्थिरावल्यावरच आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढतात.

शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडचे थेंब काही काळ वाढवले जातात. ते मनाने बंद करू नयेत. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नकाराची प्रतिक्रिया लवकर लक्षात आली, तर अनेकदा थेंबांनीच आटोक्यात येते.