रिकामी म्हणतो ती जागा

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी फजरची नमाज झाल्यावर घरची सगळी मंडळी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात गेलो होतो. तलावाच्या मागच्या बाजूला पसरलेला तो माळ. कमरेएवढं वाळलेलं गवत, मधूनच एखादी बोर, एखादी बाभूळ, दूरवर पळसाची खुरटी झाडं. धाकट्या लेकीने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "अब्बू, इथे तर काहीच नाही. नुसतं गवत आहे."

तिचं काय चुकलं? आपण मोठी माणसंही हेच म्हणतो. पडीक, ओसाड, रिकामी. वाघ बघायला पेंच किंवा ताडोबाला जायचं, त्याला जंगल म्हणायचं. शहराच्या कडेला असा माळ दिसला की पहिला प्रश्न मनात येतो, "इथे लेआऊट कधी पडणार?" पण नागपूरच्या पाण्याचा, पाखरांचा आणि काही अंशी आपल्या ताटातल्या अन्नाचाही या माळाशी जुना संबंध आहे. तो लक्षात घेतला तर त्याला रिकामी जागा म्हणवत नाही.

गवत का, झाडं का नाहीत?

नागपूर दोन प्रकारच्या जमिनींच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेकडे काळा बेसाल्ट खडक, पूर्वेकडे त्याहून जुने खडक. पश्चिमेच्या उंचवट्यांवर मातीचा थर पातळ असतो आणि खाली लगेच मुरूम लागतो. वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. पुढे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी घनदाट वन उभं राहत नाही. तिथे टिकतात ती कुसळी आणि पवन्यासारखी गवतं, बोर, बाभूळ, हिवर, खैर, पळस. उन्हाळ्यात गवत वरून मेल्यासारखं दिसतं, पण जमिनीखाली मुळं जिवंत असतात. म्हणजे हा माळ बिघडलेलं जंगल नाही. या मातीला आणि या हवेला साजेल असाच तो आहे.

त्या दिवशी लेकीच्या सलवारीला कुसळं चिकटली. घरी आल्यावर दादीने एकेक काढली. एक कुसळ आम्ही पाण्याच्या वाटीत टाकलं, तर त्याची पिळलेली शेपटी हळूहळू उलगडत फिरू लागली. माळावरही हेच होतं. पाऊस पडला की शेपटी फिरते आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. आपल्या कपड्यांना किंवा शेळीच्या केसांना चिकटून ते दूर जातं ते वेगळंच.

एकमेकांच्या आधाराने

थोडा वेळ गप्प बसलं तर हा माळ बोलू लागतो. गवताच्या बियांवर माळमुनिया आणि चंडोल जगतात. गवताच्या बुंध्याशी तित्तर आणि लावा घरटी करतात. उंदीर दाणे खातात, उंदरांवर धामण जगते आणि आकाशात एकाच जागी पंख मारत थांबणारी कापशी घारही. बोरं पिकली की कोल्हा ती खातो, आणि त्याच्या विष्ठेतून बोरीचं बी दुसरीकडे रुजतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की मैना, कोतवाल, शिंजीर त्याच्यावर गर्दी करतात. त्या दिवसांत बाकीची पुष्कळ झाडं निष्पर्ण असतात, त्यामुळे पळसाचा मध हा त्यांना मोठा आधार.

पावसाळ्यात उगवणारा तरोटा आपल्या ओळखीचा. कोवळ्या पानांची भाजी पुष्कळ घरांत होते. त्याच पानांवर गवती पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. रुईचं झाड आपण विषारी म्हणून टाळतो, पण केशरी-काळ्या रंगाच्या एका फुलपाखराच्या अळ्या रुईच्याच पानांवर वाढतात. ते विष अळीच्या अंगात साठतं आणि पक्षी तिला तोंड लावत नाहीत.

माणसंही या साखळीत आहेत. वर्धा-नागपूर भागातली गवळाऊ गाय आणि विदर्भातली बेरारी शेळी या जाती अशाच माळांवर चरून घडल्या. बकरी ईदला आपण गावाकडून बोकड आणतो, तो कुणाच्या तरी चराऊ माळावर वाढलेला असतो. माळ गेला तर शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबाची रोजीही जाते.

पाण्याचा हिशेब

नागपूरची ओळखच पाण्याशी जोडलेली आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने इथली लहान गावं एकत्र करून हे शहर वसवलं. त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलतानाच्या काळात शहराला तटबंदी झाली आणि जुम्मा तलाव बांधला गेला. तोच शुक्रवारी तलाव, आजचा गांधीसागर. पुढे १८७० च्या सुमारास पश्चिमेला अंबाझरीचा तलाव झाला.

लावा गावाच्या बाजूच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते, अंबाझरीत येते आणि तिथून शहराच्या मधून वाहत जाते. पुढे पिवळी नदीसह ती कन्हानला आणि कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते. तलावात किती पाणी येतं आणि किती वेगाने येतं, हे भोवतालच्या उंचवट्यांवर काय आहे यावर ठरतं. गवतावर पडलेला थेंब आधी पात्यांवर फुटतो, मग मुळांच्या वाटेने मातीत मुरतो. जे उरतं ते सावकाश वाहतं. तोच थेंब सिमेंटवर पडला तर लगेच नाल्याकडे धावतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, घरांत पाणी शिरलं. माणसं दगावली. हजारो घरांचं सामान चिखलात गेलं. त्या पुराला एकच कारण होतं असं नाही. पाऊसही अफाट होता आणि शहरात नदीचं पात्र दोन्ही बाजूंनी आवळलेलं आहे. पण वरच्या भागात पाणी मुरवणारी जमीन जितकी कमी होईल, तितकं खालच्या वस्तीचं संकट वाढेल, हे समजायला मोठं शिक्षण लागत नाही.

कागदावरचं 'झुडपी जंगल'

अशा जमिनींना आपल्याकडच्या महसुली दप्तरात एक खास नाव आहे, 'झुडपी जंगल'. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ही नोंद आढळते. हे जिल्हे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, तेव्हापासूनचा हा वारसा. गावकऱ्यांची गुरं चारायला आणि सरपण आणायला या जागा उपयोगी पडत.

ही जमीन वन मानायची की नाही, यावर अनेक वर्षं वाद चालला. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा प्रश्न होता. अखेर २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल वनच मानावं. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी अधिकाऱ्यांनी घरं, शेती, शाळा, दवाखाने, कचेऱ्यांसाठी दिल्या, त्या नियमित करण्याची वाटही न्यायालयाने मोकळी ठेवली. गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर आणि माळ, दोघांचाही विचार त्यात आहे. आता या निकालाची अंमलबजावणी कशी होते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट, चांगल्या हेतूनेही माळाचं नुकसान होतं हे ओळखावं. 'मोकळी जागा आहे, झाडं लावू या' म्हणून माळावर ओळीने सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावलं तर गवत जातं आणि गवतावर जगणारे पक्षीही जातात. झाडं जरूर लावावीत, पण रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, घरासमोर. आणि तीही कडुनिंब, करंज, बोर अशी इथलीच.

दुसरी गोष्ट, घर बांधताना किंवा पाडताना निघणारा मलबा माळावर किंवा नाल्यात टाकू नये. ठेकेदाराला तो कुठे नेणार हे आपण विचारायला हवं.

तिसरी गोष्ट आपल्या कब्रस्तानांची. दाटीच्या वस्तीत जुनी झाडं आणि थोडं गवत शिल्लक असलेली ती मोजक्या जागांपैकी एक असतात. शब-ए-बरातच्या आधी साफसफाई करताना वाट आणि कबरी स्वच्छ कराव्यात, पण गवत पेटवू नये. एखादा कोपरा, जुनी बोर, जुना निंब तसाच राहू द्यावा. कमिटीत बसणाऱ्यांनी एवढं ठरवलं तर पैसा लागत नाही.

आणि शेवटची गोष्ट मुलांसाठी. महिन्यातून एकदा त्यांना माळावर न्यावं. पायवाट सोडू नये, घरटी हलवू नयेत, कचरा परत आणावा. आमच्या लेकीने आता एक वही केली आहे. 'नुसतं गवत' म्हणणाऱ्या मुलीच्या वहीत तीन महिन्यांत एकोणीस पाखरांची नावं झाली. ज्याचं नाव माहीत असतं त्याची काळजी वाटू लागते. हा माळ आपल्याला मिळालेली अमानत आहे. निदान आपल्या मुलांनी तरी तो रिकामा समजू नये.