कर्करोगाचे मृत्यू : आपल्या भागाचे आकडे आणि देशाचे आकडे

वर्षावासातील प्रवचनमाला संपल्यानंतर विहारात चहापान चालू असताना एक विषय निघाला आणि बराच वेळ चालला. आपल्या वस्तीतून दोन वर्षांत कॅन्सरने माणसे एकापाठोपाठ एक गेली, पूर्वी असे नव्हते, असे सर्वांचेच म्हणणे पडले. कारणेही लगेच पुढे आली. कोणी म्हणाले, बोअरचे पाणी बिघडले. कोणी फवारणीच्या औषधांवर बोट ठेवले, कोणी मोबाइलच्या टॉवरवर. कॉलेजात शिकणारी एक मुलगी कपबशा गोळा करीत होती. तिने सहज विचारले, "पण काका, आपल्याकडे जास्त आहेत हे कशावरून? बाकी देशात किती आहेत?" त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. स्मरणिकेसाठी हा लेख लिहिण्याचे आम्ही ठरविले ते त्या प्रश्नामुळे.

प्रथम आम्ही संस्थेची शोकसभांची वही काढली. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम ज्या ज्या घरी झाले, त्यांची नावे व तारखा तीत व्यवस्थित आहेत. मृत्यूचे कारण मात्र दोनच प्रकारांनी लिहिलेले आढळले : "अल्पशा आजाराने" किंवा "दीर्घ आजाराने". यातील दीर्घ आजार कोणता, हे घरच्यांना ठाऊक असते आणि शेजाऱ्यांनाही ठाऊक असते. कागदाला तेवढे ठाऊक नसते. तेव्हा या वहीवरून काहीच सिद्ध होणार नाही हे पहिल्याच दिवशी समजले.

आता देशाचा आकडा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी १४ लाख १३ हजार नवे कर्करुग्ण झाले आणि ९ लाख १६ हजार माणसे कर्करोगाने मरण पावली. आकडा वाचून छाती दडपते, पण तो लोकसंख्येने भागल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. भागाकार केला म्हणजे लाखामागे सुमारे ६५ मृत्यू येतात. पाच हजार वस्तीच्या गावाला हेच प्रमाण लावले, तर वर्षाला तीन किंवा थोडे अधिक. म्हणजे पाच हजारांच्या गावात दरवर्षी तीन माणसे कर्करोगाने जाणे हे देशाच्या सरासरीइतकेच झाले.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सरासरी तीन याचा अर्थ दरवर्षी मोजून तीन असा नव्हे. नाणे दहा वेळा उडविले म्हणजे दर खेपेला पाचच छापे पडत नाहीत, तसेच हे आहे. ज्या गावाची सरासरी तीन-सव्वातीन आहे, तेथे निव्वळ योगायोगानेसुद्धा दहा वर्षांतून एखाद्या वर्षी सहा किंवा अधिक मृत्यू होतात आणि एखादे वर्ष असेही येते की एकही होत नाही. ज्या वर्षी एकही होत नाही, त्या वर्षी आपण विहारात बसून त्याची चर्चा करीत नाही. सहा होतात त्या वर्षी मात्र पाण्याची टाकी, फवारणी आणि टॉवर आठवतात. ओळीने पाच वर्षे सहा-सहा झाले, म्हणजे सोळाच्या जागी तीस झाले, तर गोष्ट निराळी. मग पाणी तपासावे, आरोग्य खात्याला लिहावे, स्वस्थ बसू नये.

दुसरी अडचण वयाची. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग आहे. आपल्या खेड्यांतील तरुण पुण्या-मुंबईस गेले. गावात मागे राहिली ती म्हातारी माणसे. अशा गावाची एखाद्या नव्या औद्योगिक वसाहतीशी तुलना केली, तर गावाचा मृत्युदर जास्त दिसणारच. त्यात गावाच्या हवापाण्याचा काही दोष नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढतात आणि सर्व ठिकाणच्या लोकसंख्येची वयरचना सारखीच आहे असे धरून ते दर एकत्र करतात. त्याला वयानुरूप समायोजित दर म्हणतात. नाव अवजड आहे, कल्पना सोपी आहे : म्हाताऱ्याची तुलना म्हाताऱ्याशी आणि तरुणाची तरुणाशी. दोन गावांची किंवा दोन जिल्ह्यांची तुलना करणारा आकडा कोणी पुढे केला, तर तो समायोजित आहे की नाही हा प्रश्न आधी विचारावा.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्याला कदाचित कल्पना नसेल, पण देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये आपल्या बार्शीत, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये अशी नोंदणी सुरू केली होती आणि १९८१ च्या अखेरीस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. परंतु ते काम मुख्यतः शहरांचे होते. बार्शी, भूम व परांडा या तीन तालुक्यांतील ३४६ गावांची नोंद ठेवणे हे निराळेच काम. शहरात रुग्ण इस्पितळात येतो व तेथे नोंद मिळते. खेड्यातील रुग्ण इस्पितळापर्यंत पोचतच नाही. म्हणून येथील कार्यकर्ते गावोगाव फिरले, गावातील जाणत्या माणसांना भेटले, अंगावरून जाणे, न भरणारी तोंडातील जखम, स्तनातील गाठ ही लक्षणे सांगत गेले आणि ज्यांना ती होती त्यांना तपासणीस आणीत गेले. किसा गौतमी मोहरी मागत दारोदार हिंडली तेव्हा तिला प्रत्येक घरी मृत्यूची हकीकत ऐकावी लागली. या कार्यकर्त्यांच्या वाट्यालाही तेच आले असणार.

देशाचा आकडा दिल्लीत बसून कोणी मोजीत नाही. बार्शीसारख्या नोंदणीकेंद्रांतून तो बांधला जातो आणि अशी सर्व केंद्रे मिळून देशाच्या लोकसंख्येचा दहा टक्क्यांच्या आसपासचाच भाग व्यापतात. बाकीचा अंदाज. म्हणून 'आपले आकडे' आणि 'देशाचे आकडे' अशी दोन वेगळी खाती नाहीत. आपले कच्चे राहिले तर त्यांचेही कच्चे राहतात.

या केंद्रांच्या २०१२ ते २०१६ या काळातील आकड्यांवरून २०२० साली जो राष्ट्रीय अहवाल निघाला, त्यातील एक गोष्ट आपल्या सर्वांना चकित करील. पुरुषांमध्ये नव्या कर्करुग्णांचा समायोजित दर सर्वांत जास्त मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात होता : लाखामागे २६९.४. आणि सर्वांत कमी? उस्मानाबाद (आताचा धाराशिव) व बीड : ३९.५. स्त्रियांमध्येही सर्वांत खाली हेच दोन जिल्हे, ४९.४. मुंबईचा दर स्त्री-पुरुष दोघांमध्येही शंभराच्या पुढे. म्हणजे विहारातली आमची समजूत अगदी उलटी निघाली. देशातील सर्वांत कमी कर्करोग ज्या जिल्ह्यांत नोंदला जातो, त्यांच्या वेशीवर आपण राहतो.

आमच्यातील एका ज्येष्ठांनी हे ऐकून सुटकेचा श्वास टाकला. तो आम्ही त्यांना फार वेळ टाकू दिला नाही. कारण हा दर रोग होण्याचा, नव्हे, रोग *नोंदला जाण्याचा* आहे. मृत्यूचा नव्हे.

मृत्यूचे काय, याचे उत्तर एका वेगळ्या अभ्यासात मिळते. २००१ ते २००३ या काळात देशभरातील ११ लाख घरांत झालेल्या मृत्यूंची चौकशी करण्यात आली. प्रशिक्षित माणसे घरी जाऊन विचारीत : आजार कसा सुरू झाला, गाठ होती का, वजन किती उतरले, रक्त कोठून जाई. ते सर्व लिहून काढून दोन डॉक्टर स्वतंत्रपणे कारण ठरवीत. इस्पितळाचा उंबरठा न ओलांडता मेलेला माणूसही यात मोजला गेला. कर्करोगाविषयीचे त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीस ते एकोणसत्तर वयोगटात कर्करोगाने मरण्याचा दर लाखामागे असा होता : ग्रामीण पुरुष ९५.६, शहरी पुरुष १०२.४, ग्रामीण स्त्रिया ९६.६, शहरी स्त्रिया ९१.२. जवळजवळ सारखाच.

या आकड्यांची वरच्या ३९.५ शी थेट तुलना करू नये. वयोगट निराळे आहेत, वर्षे निराळी आहेत. पण एक विसंगती डोळ्यांत भरल्याखेरीज राहात नाही. नोंदीत शहराचे रुग्ण खेड्याच्या दुप्पट आणि त्याहून अधिक. मृत्यू मात्र दोन्हीकडे बरोबरीने. याचा उलगडा दोन प्रकारे होतो आणि दोन्ही प्रकार एकाच वेळी खरे असू शकतात. एक, खेड्यातील कित्येक रुग्ण निदान न होताच जातात. दुसरा, ज्यांचे निदान होते ते इतके उशिरा येतात की त्यांच्यातील वाचणारे थोडे. देशभराचा हिशेब केला तरी शंभर नव्या रुग्णांमागे पासष्ट मृत्यू असे प्रमाण पडते. अमेरिकेत ते पंचवीसच्या आसपास आहे. कमी रुग्ण असणे ही बातमी चांगली खरी, पण ती अर्धीच बातमी आहे.

त्याच अभ्यासातील आणखी एक आकडा आम्ही मुद्दाम येथे देतो, कारण आमच्या मते या लेखातील तोच सर्वांत महत्त्वाचा. निरक्षर पुरुषांत कर्करोगाने मरण्याचा दर १०६.६ होता, तर सर्वांत अधिक शिकलेल्या पुरुषांत ४५.७. स्त्रियांत १०६.७ आणि ४३.४. दुपटीहून अधिक फरक! खेडे की शहर याने फारसे बिघडत नाही. शाळा पाहिली की नाही याने बिघडते. रोगाला मार्कशीट दिसत नाही. परंतु तंबाखू-चुना आणि मिश्री कोणाच्या तोंडात असते, रजेचा पगार कोणाचा बुडतो, डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीचा अर्थ कोणाला लागत नाही, तालुक्याच्या गावी जायला एसटीचे भाडे कोणाजवळ नसते, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते आठवून पाहावे. तीस ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी जवळजवळ तेवीस टक्के तोंड व घशाचे होते, फुप्फुसाचे त्याच्या निम्मेच. पाश्चात्त्य देशांत विडी-सिगारेटचा धूर मारतो, आपल्याकडे चघळलेली पुडी मारते. स्त्रियांत पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा होता.

कल वाढता आहे की उतरता, याविषयी बोलताना तर फारच जपावे लागते. त्याच जागतिक संस्थेने २०२० साठी ८ लाख ५१ हजार मृत्यूंचा अंदाज दिला होता आणि २०२२ साठी ९ लाख १६ हजारांचा. दोन वर्षांत पासष्ट हजारांनी वाढ, असा मथळा सहज करता येईल, पण तो चुकीचा ठरेल. दोन अंदाजांच्या मागची सामग्री व पद्धत बदललेली असते, लोकसंख्या वाढलेली असते, म्हाताऱ्यांची संख्याही वाढलेली असते. कल पाहायचा तर एकाच केंद्रात, एकाच पद्धतीने, अनेक वर्षे. मुंबईच्या नोंदणीत तसे पाहता येते आणि तेथे गर्भाशयमुखाचा कर्करोग दशकानुदशके कमी होत गेला व स्तनाचा वाढत गेला असे स्पष्ट दिसते. दोन्हींची बेरीज केली तर यातले काहीच दिसत नाही.

दर आपोआप बदलतो असे नाही, तो बदलताही येतो, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी नुसती माहिती सांगत फिरण्याचे काम केले, तेवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या, बऱ्या होण्याजोग्या अवस्थेत येण्याचे प्रमाण वाढले. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. चार गट होते. एका गटात विषाणूची एकच तपासणी आयुष्यात एकदा झाली; आठ वर्षांत त्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया गेल्या. ज्या गटाला तपासणी न देता नेहमीच्याच सोयींवर ठेवले होते, त्यात ६४ गेल्या, आणि तो गट संख्येने थोडा लहानच होता. जगभरच्या तज्ज्ञांनी या निष्कर्षाचा आधार घेतला. त्या ६४ जणींना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद रास्त होता असे आम्हांस वाटते. आपल्या आया-मावश्यांच्या वयाच्या बायका त्या.

शेवटी पुन्हा वहीकडे. मृत्यूच्या दाखल्यावर पुष्कळदा "हृदयक्रिया बंद पडून" असे लिहिलेले असते. हृदयक्रिया सर्वांचीच बंद पडते; ते मरणाचे कारण नव्हे, मरणाचे वर्णन झाले. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांचे घरच्यांनी सांगितले तसे लिहिले गेले, आणि घरचे कॅन्सर हा शब्द सांगत नाहीत. मुलीचे लग्न व्हायचे असते, लोक भांडीकुंडी वेगळी ठेवतील अशी भीती असते. हा रोग एकमेकांस लागत नाही, हे सांगूनही भीती जात नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारणाचा दाखला विनामूल्य द्यावयाचा असतो. इस्पितळातील मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. २०२३ च्या दुरुस्तीनंतर इस्पितळाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देणेही बंधनकारक आहे. त्या नमुन्यात कारणे एकाखाली एक लिहिलेली असतात : वर शेवटचे कारण, खाली मूळ कारण. आकडेवारीत धरली जाते ती खालची ओळ. तेव्हा प्रत हातात पडली की खालची ओळ वाचावी. "श्वसनक्रिया बंद" एवढेच असेल आणि माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेला असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे.

आमच्या वहीत आम्ही यंदा तीन रकाने वाढविले आहेत : वय, किती वर्षे येथे राहात होते, आणि दाखल्यावरील मूळ कारण. राहण्याचा रकाना अशासाठी की, नोंदणीकेंद्रे एक वर्षाहून अधिक वास्तव्य असलेल्यांनाच त्या भागाचे धरतात आणि आपल्याकडे आयुष्यभर मुंबईस राबून शेवटचे चार महिने गावी आलेली माणसे पुष्कळ. तिसरा रकाना भरायचा की नाही, हे त्या त्या कुटुंबावर सोडले आहे. संमती नसेल तेथे तो कोरा राहील आणि कोणी आग्रह करणार नाही. आषाढ पौर्णिमेपासून आजवर सात नोंदी झाल्या. चार रकाने कोरे आहेत. कपबशा गोळा करणारी ती मुलगीच सध्या वही सांभाळते.