गिफ्ट कार्डाचे हजार रुपये कोणाचे?

गेल्या रमजानमध्ये विसाव्या रोज्याला आम्ही ईदच्या खरेदीला बाहेर पडलो. पार्ल्यात राहणाऱ्यांची पावले आपोआप इर्ल्याकडे वळतात, पण त्या दिवशी ऊन फार होते आणि एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात एसी होता. काचेवर ठळक अक्षरांत लिहिले होते, "५,००० च्या खरेदीवर १,००० चे गिफ्ट कार्ड मोफत."

मुलांच्या अब्बांसाठी कुर्त्याचा जोड घेतला, २,००० चा. दोन्ही मुलींचे ड्रेस प्रत्येकी १,२५० चे. बेरीज झाली ४,५००. पाटी डोळ्यांसमोरच होती, म्हणून पाचशेची एक ओढणी उचलली. ती कोणालाच नको होती. रोज वर्गात मुलांना हिशेब शिकवणारी बाई पाचशेच्या नको असलेल्या वस्तूवर हजार कमावल्याच्या आनंदात घरी आली.

कार्ड पाहताच धाकटी म्हणाली, "अम्मी, यात मावशींच्या मुलीचा ईदचा ड्रेस येईल ना?" आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलगी तिच्याच वयाची आहे. मला कल्पना आवडली. संध्याकाळी मावशींना सांगूनही टाकले. सासूबाई तसबीह फिरवता फिरवता एवढेच म्हणाल्या, "बेटी, आता सांगितलंस ना, म्हणजे वायदा झाला."

दोन दिवसांनी ड्रेस निवडून काउंटरवर कार्ड पुढे केले. कॅशियर मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे अजून चालू झालेलं नाही. खरेदीनंतर पंधरा दिवसांनी चालू होईल." पुढे तीस दिवसच ते चालणार. तेही किमान २,५०० ची नवी खरेदी केली तर, आणि सवलतीच्या मालावर नाहीच. हे सगळे कार्डाच्या मागे इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले होते. मी तिथेच बोटांवर दिवस मोजले. ईद होती आठ दिवसांवर. म्हणजे कार्ड जागे होणार ईद उलटल्यावर पाच-सहा दिवसांनी आणि संपणार बकरी ईदच्या महिनाभर आधी. दोन्ही ईदच्या मधल्या रिकाम्या जागेत ते नेमके बसवल्यासारखे होते.

ड्रेस ८५० चा होता. तो मी पर्समधून पैसे देऊन घेतला. वायदा कार्डाने केला नव्हता, मी केला होता.

खरा गोंधळ पुढे झाला. कुर्ता खांद्यात घट्ट बसला. मोठे माप शिल्लक नव्हते, म्हणून चोविसाव्या रोज्याला परत करायला गेलो. सात दिवसांत परत घेऊ, असे बिलावर होतेच. हाती आले १,६००. "कुर्ता २,००० चा होता," मी म्हटले. कॅशियरने बिलावर बोट ठेवले, "बिलात १,६०० च आहे, मॅडम."

आणि खरेच होते. घरी मी ते बिल पूर्ण वाचलेच नव्हते, फक्त शेवटची ५,००० ची रक्कम पाहिली होती. आत मात्र वेगळाच हिशेब होता. कुर्ता १,६००, दोन्ही ड्रेस प्रत्येकी १,०००, ओढणी ४००, म्हणजे कपडे ४,०००. खाली "गिफ्ट कार्ड १,०००". एकूण ५,०००. दुकानाच्या नोंदीत मला फुकट काहीच मिळाले नव्हते. प्रत्येक कपड्यावर वीस टक्के सूट देऊन त्याच सुटीचे हजार रुपये घेऊन मला कार्ड विकले होते. पाटीवर "मोफत" आणि बिलात "विक्री".

हा हिशेब मुळातच लबाडीचा आहे असे मी म्हणणार नाही. दुकानदाराची अडचण समजते. कार्ड खिशात घालून दुसऱ्या दिवशी सगळे कपडे परत करणारे गिऱ्हाईकही असतेच. म्हणून कार्डाची किंमत सर्व वस्तूंवर विभागून ठेवतात. दुसरी रीत याहून जाचक. एक वस्तू परत केली आणि बिल ५,००० च्या खाली गेले, की परताव्यातून कार्डाची सगळी रक्कम कापून घ्यायची. त्या रीतीने मला २,००० च्या कुर्त्याचे १,००० च मिळाले असते. कोणतीही रीत असो, पैसे देण्याआधी सांगितली तर तक्रार नाही. सौद्यात भाव आणि अट दोन्ही आधी उघड असाव्यात, हे आपल्या घरांत फिकहची किताब न उघडताही माहीत असते.

कायदाही जवळपास हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. एखादी वस्तू मोफत मिळते आहे असा समज करून द्यायचा आणि तिची किंमत पूर्ण किंवा अंशतः त्याच व्यवहारात वसूल करायची, हे त्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत येते. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याची अट लिहावी, असे त्यांत आहे. मराठी पाटी आणि इंग्रजी अटी हा प्रकार आपण निमूटपणे चालवून घेतो.

कार्डांच्या जातीही दोन आहेत, आणि गैरसमज बहुधा इथेच होतो. बँकेचे गिफ्ट कार्ड अनेक दुकानांत चालते आणि त्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. त्याची कमाल रक्कम १०,००० रुपये आणि मुदत किमान एक वर्ष. दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेल्या कार्डाला मात्र रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. त्यामुळे "एक वर्ष चालतंच की" हा भरवसा तिथे उपयोगाचा नाही. तिथे दुकानाच्या अटी आणि ग्राहक कायदा, एवढाच आधार.

कराचेही पाहून घ्या. व्हाउचरची देवघेव हा स्वतः मालाचा किंवा सेवेचा पुरवठा नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. कर लागतो तो कार्ड वापरून घेतलेल्या मालावर. कार्डाच्या रकमेवर कोणी जीएसटी लावला तर कारण विचारा. शिवाय छापील कमाल किमतीत सगळे कर आलेलेच असतात. त्या किमतीवर सूट जाहीर करायची आणि वरून कर वेगळा घ्यायचा, ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटले होते.

मुंबई ग्राहक पंचायतीचे ग्राहक भवन आपल्याच पार्ल्यात, पश्चिमेला कूपर रुग्णालयाच्या मागे आहे. १९७५ पासून ही संस्था काम करते. शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची मागणी नोंदवतात आणि माल एकत्र घेतला जातो. आधी यादी, मग खरेदी. त्या पाचशेच्या ओढणीकडे पाहून मला ही रीत फार शहाणपणाची वाटली. तक्रार असेल तर तिथे मार्गदर्शनही मिळते. घरबसल्या बोलायचे तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. मात्र बिल जपून ठेवा आणि पाटीचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काळाने पुसट होते, म्हणून बिलाचाही फोटो हवा.

माझ्याकडे फोटो होता, तोही योगायोगाने. मोठीने दुकानासमोर सेल्फी घेतली होती आणि मागे ती पाटी आली होती. मॅनेजरना तो दाखवून मी म्हटले, "भाईसाहेब, इथं 'मोफत' लिहिलंय आणि बिलात तुम्ही विकलंय. दोन्हीपैकी एकच खरं असू शकतं." ते थोडा वेळ बिल पाहत राहिले. मग म्हणाले, "कार्ड न वापरता परत देता का? कुर्त्याचे उरलेले चारशे देतो." हिशेब बरोबर होता. कार्ड गेले की कपडे पुन्हा ५,००० चे होतात आणि कुर्ता २,००० चा. मी कार्ड काउंटरवर ठेवले. नवे बिल मागितले, तेही मिळाले.

बाहेर पडताना पाहिले, काचेवरची पाटी तशीच होती. त्याच नोटांत मुलांच्या अब्बांसाठी इर्ल्याहून १,४०० चा कुर्ता आला, मापाचा. ईदच्या सकाळी मावशींची मुलगी नवा ड्रेस घालून शीरखुर्म्याला आली आणि धाकटीने तिला आल्या आल्या खिडकीजवळ नेऊन फोटो काढला. ओढणी अजून कपाटात घडी घालून पडली आहे.