प्यादं एक घर की दोन?

सुट्टी लागली की घरोघरी बुद्धिबळाचा पट निघतो आणि पहिल्याच खेळीला आजोबा-नातवाचं वाजतं. नातू राजापुढचं प्यादं एकदम दोन घरं सरकवतो. आजोबा म्हणतात, ‘हे कुठलं बुद्धिबळ?’ गंमत अशी, की आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात.

हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, वजीर सरळही आणि तिरकाही, राजा कुठंही पण एकच घर. इथवर मतभेद नाही. प्यादं सरळ चालतं, तिरकं मारतं आणि मागे कधीच फिरत नाही, हेही दोघांना मान्य.

वाद पुढे सुरू होतो. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसला नसेल, तर राजाला डावात एकदाच घोड्याची चाल मिळे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं, की ते घर ज्या मोहऱ्याचं, तोच मोहरा ते होई. हत्तीच्या पट्टीतलं प्यादं हत्ती, घोड्याच्या पट्टीतलं घोडा. आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र कुठल्याही पट्टीतून वजीर मागता येतो. प्रांताप्रांतांत यात थोडाफार फरक असे, पण गाभा हाच.

मग नियम बदलले कुणी? खेळ भारतातून इराणमार्गे युरोपात गेला, तेव्हा वजीर तिरकं एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची ताकद मिळाली. डाव लवकर रंगावा म्हणून प्याद्यालाही पहिल्या खेळीत दोन घरांची मुभा मिळाली.

देशी खेळ म्हणजे कच्चा खेळ, असं मात्र कुणी समजू नये. पंजाबातला मीर सुलतान खान याच खेळात तयार झाला. आपल्या मालकासोबत तो 1929 साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. 1932 आणि 1933 सालीही. हेस्टिंग्जच्या 1930-31च्या स्पर्धेत त्यानं माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं. जागतिक संघटनेनं 2024 साली त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

माझे आजोबा देशी पद्धतीनंच खेळत. डाव सावकाश उलगडे, आणि ते शह देण्याआधी ‘राजा सांभाळ’ म्हणत. आज क्लासला जाणारा मुलगा ‘तुम्हाला नियमच माहीत नाहीत’ म्हणाला, की म्हातारा माणूस गप्प बसतो आणि पट कायमचा माळ्यावर जातो. चालींच्या वादापायी घरातली एक सोबत अशी तुटू नये.

उपाय सोपा आहे. पट मांडण्याआधी ठरवा: पहिला डाव आजोबांच्या नियमांनी, दुसरा नातवाच्या. स्पर्धेत नवे नियम पाळावेच लागतील. घरच्या पटावर मात्र दोन्ही नांदू शकतात.