वर्ग कोणी आखायचा?

‘आधुनिक वर्ग’ हा शब्दप्रयोग अलीकडे शिक्षणक्षेत्रात वारंवार कानी पडतो. तो ऐकताच बहुतेकांच्या मनात वस्तूंची एक यादी तयार होते: डिजिटल फळा, प्रोजेक्टर, संगणक, रंगीत खुर्च्या, जमल्यास वातानुकूलन. या वस्तूंविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु त्या खोलीत मूल काय करणार, ते कोणाशेजारी बसणार, त्याला उठून फिरता येणार की नाही, आणि हे सर्व कोणी व कोणाला विचारून ठरविले, हे त्या यादीत कोठेच नसते. या लेखात मी मुख्यतः या शेवटच्या प्रश्नाचा विचार करणार आहे. महाविद्यालयात येण्यापूर्वी काही वर्षे मी दादरा नगर हवेलीत, सिल्वासाजवळच्या एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. त्यामुळे माझी उदाहरणे बरीचशी त्या मुलुखातील व त्याला लागून असलेल्या डहाणू भागातील आहेत.

सिल्वासा, किंवा तेथील लोक म्हणतात त्याप्रमाणे सेलवास, हे नाव आपल्या वाचकांना बहुधा एकाच कारणाने ठाऊक असते. २ ऑगस्ट १९५४ रोजी ते पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले आणि त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे होती. त्यानंतरची कथा आपण फारशी वाचत नाही. अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात पुढे कारखाने उभे राहिले आणि देशाच्या सर्व भागांतून कामगार आले. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत पंचावन्न टक्क्यांहून अधिक झालेली ही वाढ त्या दशकात देशातील सर्व राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत सर्वाधिक होती. शाळेच्या भाषेत याचा अर्थ असा की एकाच वर्गात वारली, कोकणा, धोडिया मुले आणि त्यांच्या जोडीला खानदेशातून किंवा उत्तरेकडून आलेल्या कामगारांची मुले बसतात. वारली मुलाची बोली मराठीच्या जवळची. पण पुस्तकातील मराठी त्याला पहिल्या दिवशी जवळजवळ परभाषाच वाटते. अशा वर्गासाठी खोली कशी असावी, याचे उत्तर दूरच्या कचेरीतील छापील नकाशात मिळणे कठीण आहे.

आता आपल्या परिचयाची खोली पाहू. समोर फळा, त्यापुढे शिक्षकाचे टेबल, त्यापुढे बाकांच्या रांगा. ही रचना काही मूर्खपणाने झालेली नाही. एका माणसाने पन्नासांशी एकाच वेळी बोलायचे, सर्वांनी एकच पाठ ऐकायचा आणि तपासनीसाला दारातून सर्व वर्ग दिसायचा, असे ठरले की खोली आपोआप तशीच आखली जाते. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेत, देवळाच्या ओवरीत वा कोणाच्या ओसरीवर, मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि मोठी मुले लहानांना शिकवीत. तेथे रांगांना फारसे काम नव्हते. (त्या शाळेत छडीला मात्र भरपूर काम होते, हे विसरून तिचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही.) सांगायचे ते इतकेच की खोलीच्या आकारात शिकविण्याविषयीची एक समजूत आधीच भरलेली असते. समजूत न बदलता खोली बदलली, तर प्रोजेक्टरही खडू-फळ्याचेच काम करतो, थोड्या जास्त विजेवर.

समजूत आधी बदलून मग जागा शोधण्याचे उत्तम उदाहरण सिल्वासापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. माँटेसरी पद्धती त्यांनी शहरात चांगली रुजविली. पण १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या, अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या, आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू झाले, तेव्हा शहरातली पद्धती जशीच्या तशी चालेना. बालवाडी नीटनेटकी होती, साहित्य होते, शिकविणाऱ्या तयार होत्या. वस्तीतली सर्वांत गरीब मुले मात्र येत नव्हती. आईबाप कामाला गेले की घरी धाकटी भावंडे सांभाळायची कोणी? मग या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत, घरांच्या अंगणात नेली. तीच अंगण बालवाडी. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेतील ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हे अंगण आहे, याची आठवण आज फार थोड्यांना असते.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले आणि तेथे हा विचार आणखी पुढे गेला. मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर लहान भाऊ असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. हिला विकासवाडी म्हणत. ताई वर्गात, मधले भावंड बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात. मुलगे येत नसत, कारण ते गुरे राखीत. म्हणून शिक्षक कुरणावर गेले, आणि तेथल्या शाळेला कुरणशाळा हे नाव पडले. खडे, बिया, पाने, शिंपले, बांबूच्या कामट्या हेच शैक्षणिक साहित्य झाले. माँटेसरी साहित्याची किंमत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना यातील शहाणपण वेगळे समजावून सांगायला नको.

मला यातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो असा. पाळणाघर हे काही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातील ‘अध्ययन-अवकाश’ नव्हे. ती आईची अडचण होती. ती अडचण या दोघींनी शाळेच्या ध्येयात सामील करून घेतली आणि म्हणून ते ध्येय त्या वस्तीचेही झाले. आज ज्याला शाळेची ‘सामायिक दृष्टी’ असे भारदस्त नाव दिले जाते, ती कागदावरच्या सुंदर वाक्यात नसते. प्रत्येकाची एखादी खरी गरज त्या चित्रात दिसू लागली की लोक चित्र आपले मानतात. अध्यापक विद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक जरूर मिळवून वाचावे.

आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना याच जातीचे दुसरे उदाहरण घरचेच आहे. म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास ‘नली-कली’ सुरू झाली. आनंदाने शिक, असा त्या नावाचा भाव. तेथील सरकारी शाळांचे शिक्षक ऋषी व्हॅलीतील काम पाहून आले, स्वतः बसून अभ्यासपत्रके तयार केली, आणि मग त्यांच्या लक्षात आले की मुले गटागटाने निरनिराळी कामे करणार असतील तर बाकांच्या रांगा आड येतात. रांगा गेल्या आणि मुले गोलाकार बसू लागली. फळे मुलांच्या हाताच्या उंचीवर आले, डोक्यावर दोऱ्या ताणून त्यांवर मुलांचीच चित्रे टांगली गेली. २००९-१० पासून ही पद्धत राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांच्या खालच्या वर्गांत नेण्यात आली. पसरताना पहिल्या शिक्षकांची ऊब सर्वत्र टिकली असेल असे मला वाटत नाही. आदेशाने दोऱ्या ताणता येतात, पण त्यांवर काय टांगावे हे आदेशाने सुचत नाही.

महाराष्ट्रातही तसेच झाले. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील शाळांनी बाके बाजूला सारून जमिनीवर तक्ते, अंकपट्ट्या, नकाशे रंगविले आणि मुले त्यांभोवती बसून एकमेकांना शिकवू लागली. २०१५ च्या आगेमागे राज्यभरचे शिक्षक ते पाहायला जात असत. त्यानंतर मी अनेक गावांत रंगविलेल्या फरशा पाहिल्या. काही ठिकाणी त्यांवर खरोखर काम चालू होते. काही ठिकाणी त्यांच्यावर पुन्हा बाके मांडलेली होती, आणि एका ठिकाणी तर रंग खराब होऊ नये म्हणून मुलांना त्यावर पाय ठेवायला मनाई होती! ‘बोलक्या भिंतीं’चीही तीच गत. ज्या वारली घरांत लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला जातो, त्या घरांतील मुलांच्या शाळेच्या भिंतीवर मी सफरचंद आणि झेब्रा पाहिले आहेत. भिंत बोलत होती, पण मुलाशी नव्हे.

तर हे सर्वांचे मिळून एक चित्र तयार करायचे कसे? आमच्या शाळेला एक नवी खोली मंजूर झाली तेव्हा आलेला अनुभव सांगतो, कारण त्यातील कृती कोठेही करता येण्यासारखी आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा या समितीनेच करायचा असतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि पालक अंगठा उमटवतात. आमच्या मुख्याध्यापकांनी निराळे केले. त्यांनी नकाशा भिंतीवर लावला नाही, कारण नकाशा वाचणे ही शिकलेल्यांची कला आहे. मैदानावर चुन्याच्या फक्कीने खोली खऱ्या मापात आखली, दार व खिडक्यांच्या जागी दगड ठेवले आणि पालकांना व मुलांना आत येऊन उभे राहायला सांगितले.

दहा मिनिटांत लोक बोलू लागले. दार ज्या दिशेला होते तिकडूनच पावसाची झड येते, हे एका आजोबांनी दाखविले. खिडकीची उंची काठीने मोजली, तर जमिनीवर बसलेल्या मुलाला बाहेरचे फक्त आकाश दिसणार होते. चौथीतली एक मुलगी कडेवरच्या भावाला घेऊन आखलेल्या रेषेच्या बाहेर उभी होती. तिच्या आईने विचारले की या दोघांनी बसायचे कोठे. नकाशातील व्हरांडा चार फुटांचा होता. तो आठ फूट करावा आणि त्याला अर्धी भिंत असावी, असे ठरले. वाढीव भागाचे बांबू व मजुरी गावाने दिली. विकासवाडीइतके ते मोठे नव्हते. पण ती मुलगी पाचवीत गेली, हे मी पाहिले आहे.

बाकांवरून मात्र चांगलाच वाद झाला. आम्हा शिक्षकांपैकी दोघे-तिघे नुकतेच प्रशिक्षण घेऊन आलेले. आमचे म्हणणे, मुलांनी जमिनीवर गोलाकार बसावे. पालक ऐकेनात. घरी मूल जमिनीवरच बसते, शहरातल्या शाळेत साहेबाची मुले बाकावर बसतात, मग आमच्याच मुलांना खाली का? या प्रश्नाला शिक्षणशास्त्रात उत्तर नाही. बाक ही त्यांच्या दृष्टीने बसण्याची वस्तू नव्हती, मानाची होती. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर बसविले गेले, त्यांनी मानाचा आग्रह धरला तर तो मला योग्यच वाटतो. शेवटी पहिली-दुसरीला बुटकी, उचलून हलविता येतील अशी मेजे आणि तिसरीपासून पुढे सुटे बाक, हवे तेव्हा भिंतीला लावता येतील असे, यावर मिटले. त्यामुळे खोलीत दोन प्रकारचे सामान झाले आणि ते दिसायला काही विशेष नव्हते. तपासणीला आलेल्या एका पाहुण्यांनी तसे बोलूनही दाखविले.

भाषेचा प्रश्न असा मिटला नाही. वर्गात एक कोपरा मुलांच्या बोलीतील शब्दांसाठी ठेवावा, असे मी सुचविले. मुलांनी घरचा शब्द सांगायचा, आम्ही तो पुस्तकातील शब्दाशेजारी लिहायचा. काही पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटला, कारण त्यांना मुलांनी लवकर इंग्रजी शिकायला हवे होते. कोपरा राहिला, पण कधी भरला, कधी रिकामा. सामायिक चित्रात काही जागा अशा वादग्रस्तच राहतात, आणि त्या झाकून ठेवण्यापेक्षा सभेत दर वर्षी पुन्हा काढणे बरे.

पुढे शाळेला डिजिटल फळाही मिळाला. तो कोणत्या भिंतीवर लावायचा हे मात्र बसवायला आलेल्या माणसाने ठरविले. त्याने वायर जेथे जवळ पडली तेथे, दाराच्या समोर, तो ठोकला. दुपारी दारातून ऊन येई आणि अर्ध्या मुलांना फळ्यावर स्वतःचीच तोंडे दिसत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय तोच होता: फळा हलवायचा की दाराला पडदा लावायचा. पालकांनी पडद्याच्या बाजूने मत दिले. भिंतीला पुन्हा भोके पाडली तर पावसाळ्यात ओल उतरते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि घरे त्यांनी आमच्यापेक्षा जास्त बांधली होती.