तरटीची साक्ष

पंढरपूरला विठ्ठलाच्या मंदिरात कान्होपात्रेचं स्थान आहे आणि तिथे तरटीचं झाड आहे. मंगळवेढ्याच्या या संत कवयित्रीने बिदरच्या बादशहाकडे जाण्याऐवजी विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला आणि तिला पुरलं तिथे हे झाड उगवलं, अशी कथा. भाविक त्याला हात जोडतात. वनस्पतींच्या अभ्यासकाला त्या कथेत आणखी काही दिसतं. तरटी हे काटेरी, चिवट झाड. कोरड्या, उघड्या जमिनीवर भर उन्हात वाढणारं. घनदाट रानाच्या सावलीत ते सापडायचं नाही. वड, पिंपळ, औदुंबर अशी मानाची झाडं हाताशी असताना कथेने तरटीच निवडली, कारण भीमेच्या काठाला तीच होती.

कथेतल्या झाडांवरून जमीन ओळखण्याची ही वाट 2025 साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी पद्धतशीरपणे धरली. तेराव्या शतकापासूनच्या मराठी संतचरित्रांत, आख्यानांत आणि ओव्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या ठरावीक ठिकाणांची जी वर्णनं येतात, त्यांतली झाडंझुडपं त्यांनी वेचली. रानटी वनस्पती 44 निघाल्या आणि त्यांतल्या दोन तृतीयांशाच्या आसपास माळरानाच्या होत्या. खैर, हिवर, बाभूळ, पळस यांची ही दुनिया किमान साडेसातशे वर्षं जुनी आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

जुन्या काव्यावर इतका भरवसा ठेवावा का, ही शंका रास्त आहे. वनवर्णन आलं की कवी चंदन, बकुळ, अशोकाची ठरलेली माळ ओवतो; ती त्या जागेची नोंद नसते. म्हणून ठिकाणाचं नाव घेऊन केलेलं वर्णन महत्त्वाचं. धनगरांच्या ओव्यांत नीरा आणि कऱ्हेच्या काठचा मुलूख ओसाड, काट्याकुट्यांचा येतो. त्यात देवाची थोरवी वाढवणारं काही नाही. अशा वर्णनावर मी राजदरबारच्या प्रशस्तीपेक्षा जास्त विश्वास ठेवेन. या ओव्या कागदावर आल्या त्यात गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाचा वाटा मोठा आहे. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ 1976 साली प्रसिद्ध झाला. धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर बसून त्यांनी जे ऐकलं, ते आज पर्यावरणाच्या इतिहासाचं साधन ठरतं आहे.

जमिनीखालचे पुरावेही याच बाजूचे. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, काहींवर कोरीवकाम केलेली. शहामृग मोकळ्या रानात धावणारा पक्षी. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात काळविटाची हाडं निघाली. इसवीसनापूर्वी 1000च्या सुमारास पाऊस घटला, शेती मागे पडली आणि तिथली माणसं शेळ्यामेंढ्यांकडे वळली, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी केली. मागच्या साऱ्या काळात इथला माळ तसाच राहिला असं कुणी म्हणणार नाही. माणसाने झाडं तोडली, वणवे लावले, चराई वाढवली. तरी मुळात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत फलटणला जेमतेम पाचशे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत कुऱ्हाड लागण्याआधीही सलग अरण्य कुठून असणार?

आपल्याकडे मात्र समज असा, की माळ म्हणजे तोडीने बोडकं झालेलं जंगल. सरकारदरबारी त्याची गणना पडीक जमिनीत होते. मग खड्डे खणले जातात आणि बाहेरून आलेली गिरिपुष्पासारखी झाडं दाटीने लावली जातात. त्यांची सावली पडली की पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी उन्हाची गवतं मागे हटतात आणि त्यांच्या आधाराने जगणारे चिंकारा, लांडगा, माळढोक यांची जागा जाते. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराची चराई बंद होते, ती वेगळीच. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं.

माळावर काम करायचं तर पहिलं काम विदेशी झाडं काढण्याचं आणि गवताला पाऊस-दोन पाऊस निवांत मिळू देण्याचं आहे. दुसरं काम वाचकांचं आणि गावांचं: महानुभावांच्या 'स्थानपोथी'पासून ग्रामदैवतांच्या कहाण्यांपर्यंत आपल्या शिवाराची जी वर्णनं आहेत, त्यांतली झाडं ठिकाणासह नोंदवून ठेवायची. ओव्या म्हणणारी जुनी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे आधी जायला हवं.