क्रीडांगणावरील गुरुशिष्य

उत्तम क्रीडाप्रशिक्षकांचा गौरव करण्यासाठी भारत सरकारने १९८५ साली एक पुरस्कार सुरू केला आणि त्यास द्रोणाचार्यांचे नाव दिले. पुढे १९९७-९८ पासून आदिवासी मुलामुलींकरिता निवासी विद्यालये निघू लागली, त्यांस नाव मिळाले एकलव्याचे. ही दोन नावे ज्यांनी निवडली त्यांनी परस्परांशी विचारविनिमय केला असेल असे आम्हांस वाटत नाही. केला असता, तर आदिपर्वातील तो प्रसंग कोणास तरी खचित आठवला असता.

नंदुरबार जिल्ह्यात ही विसंगती अधिकच बोचते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून निराळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे शेकडा ६९ लोक आदिवासी आहेत. सातपुड्याच्या अंगाखांद्यावरील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांत तर भिल्ल व पावरा यांचीच वस्ती. भिल्ल लोक एकलव्यास आपला मानतात. आमच्या घरांत ही कथा गुरुभक्तीचा धडा म्हणून लहानपणी कानावर पडते आणि सांगणारे वडील माणूस अंगठ्यापाशी येऊन थांबते. त्या मुलाने पुढे काय केले, हे विचारण्याचे आम्हांपैकी किती जणांस सुचले? आणि ज्याने विद्या शिकविलीच नाही त्याने दक्षिणा मागावी, यात काही खटकण्यासारखे आहे, हेही पुष्कळांच्या उशिराच ध्यानात येते.

हे सर्व आठवण्याचे कारण असे, की आज बहुतेक सुशिक्षित कुटुंबांतून संध्याकाळी एखादे तरी मूल कोणत्या ना कोणत्या प्रशिक्षकाच्या स्वाधीन केलेले असते. पूर्वी तालमीतला वस्ताद गावाच्या डोळ्यांसमोर असे. आता पालक मुलास मैदानाच्या फाटकाशी सोडून परत फिरतात. त्या दोन तासांत आपल्या लेकरावर दुसऱ्या माणसाचा किती अधिकार चालावा, हा प्रश्न म्हणून घरातील सर्वांचाच आहे.

बास्केटबॉलचा इतिहास या बाबतीत फार मनोरंजक आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती युवक संघाच्या शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने हा खेळ काढला. हिवाळ्यामुळे कोंडलेला अठरा दांडग्या विद्यार्थ्यांचा वर्ग त्याच्या गळ्यात पडला होता. त्याने सज्जाला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि नऊ-नऊ जणांस खेळावयास सोडले. पहिल्या सामन्यात एकदाच काय तो चेंडू टोपलीत पडला. हाच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेला. तेथे त्याच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. खेळाचा जनकच त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत हरण्याचे पारडे जड असलेला एकटा ठरावा, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची. परंतु त्याला तिचे दुःख नव्हते. हा खेळ खेळावयाचा असतो, शिकवावयाचा नसतो, असे त्याचे मत असल्याचे सांगतात. आणि हे मत त्याने ज्या शिष्याला ऐकविले त्या फॉग ॲलन याने ते साफ झुगारून प्रशिक्षणाचे शास्त्रच उभे केले. गुरूचे न ऐकणारा शिष्य गुरूच्या खेळाचा विस्तार करता झाला. नेस्मिथने त्याचा अंगठा मागितला नाही.

नेस्मिथच्या मताचा छाप नियमांवरही बराच काळ राहिला. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात १९१० च्या सुमारास असा निर्बंध आला की सामना चालू असता बाहेरून कोणी खेळाडूंस शिकवू नये. आणि खेळ घटकाभर थांबला असतानाही प्रशिक्षकाने आपल्या मुलांशी बोलण्यास मोकळीक मिळाली ती १९४९ च्या आसपास. शिकवायचे ते आधी शिकवून ठेवा, मैदानात उतरल्यावर मुलगा आपल्या बुद्धीने खेळेल, अशी ती कल्पना. आज बाजूच्या रेषेवर येरझारा घालीत, घसा कोरडा होईपर्यंत ओरडणारे प्रशिक्षक पाहिले म्हणजे तो जुना नियम अगदीच वेडगळ नव्हता असे वाटू लागते. आणि त्यांच्या मागे खुर्च्यांवर बसून त्यांच्याहून मोठ्याने ओरडणारे वडील पाहिले म्हणजे तर तो नियम त्यांनाही लावावा असे मनात येते!

आरडाओरड न करता काय साधते, याचे उदाहरण जॉन वुडन. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या संघाने त्याच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. दरवर्षी पहिल्या दिवशी तो मोठमोठ्या खेळाडूंस पायमोजे कसे घालावे हे शिकवी. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, एवढेच त्याचे साधे तर्कशास्त्र. दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात त्याच्या सरावास बसून तो काय काय बोलतो याची टिपणे घेतली. शिकविण्याच्या २,३२६ कृती त्यांनी मोजल्या. त्यांत निव्वळ शाबासकी शेकडा सातांच्याही आत भरली आणि निव्वळ नाराजीही तितकीच. शेकडा पंचाहत्तर बोलणे नुसती माहिती होती: पाय असा ठेव, चेंडू तेथे दे. आपल्या घरांतून मुलांशी होणाऱ्या बोलण्याची कोणी अशी मोजदाद केली, तर हिशेब काय निघेल?

वुडनची शिस्त मात्र कडक. बिल वॉल्टन हा त्याचा अव्वल खेळाडू एकदा वाढलेले केस घेऊन आला आणि ते ठेवण्याचा आपला हक्क सांगू लागला. वुडनने आवाज चढविला नाही. तुझा निश्चय मला आवडतो, पण संघाला तुझी उणीव भासेल, अशा आशयाचे काहीसे तो म्हणाला, आणि वॉल्टनने तडक न्हाव्याचे दुकान गाठले. पुढे दोघांचा स्नेह वुडन २०१० साली वारला तोवर टिकला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर यांची पद्धत निराळी. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवावयाचे आणि सचिन तेंडुलकर बाद न होता राहिला तर नाणे त्याचे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. एका सायंकाळी स्वतःचा सामना सोडून शाळेच्या दुसऱ्या संघाचा खेळ पाहावयास गेलेल्या सचिनच्या त्यांनी मुस्कटात दिली, तेव्हा हातातला डबा दूर जाऊन पडला. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजविण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्या असे खेळ, हा त्याचा मथितार्थ. परंतु हेच सर त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून मुंबईभर एका मैदानावरून दुसऱ्यावर सामन्यांस नेत, हेही तितकेच खरे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोप घेताना तेंडुलकर म्हणाले, की एकोणतीस वर्षांत सरांनी आपणांस एकदाही 'छान खेळलास' म्हटले नाही.

ती चपराक आज गोड आठवण झाली आहे, कारण ती खाणारा तेंडुलकर झाला. ज्यांचे काही झाले नाही अशा मुलांनी खाल्लेल्या चपराकींचा इतिहास कोण लिहितो? म्हणून आम्हांस स्कूटरची गोष्ट अनुकरणीय वाटते, दुसरी वाटत नाही. शिक्षक आपल्यासाठी झिजतो आहे, हे मुलास दिसले तर तो कठोर शब्दही सोसतो. दिसले नाही तर गोड शब्दांचाही उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, विशेषतः मुलींच्या बाबतीत. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला बास्केटबॉल संघाचे नेतृत्व केले, आणि अशा मुली पाहून आज कितीतरी घरांतून लेकींस मैदानावर धाडतात. परगावचे सामने, मुक्काम, संघात निवड होईल की नाही ही धाकधूक, हे सारे एका माणसाच्या शब्दावर लटकलेले असते. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने, ज्याच्या विश्वासावर मूल सोपविले त्याचा लैंगिक अपराध अधिक गंभीर धरला, तो उगीच नव्हे. मुलगी एकाएकी सरावास जाईनाशी झाली तर 'आळशीपणा' म्हणून तिला दटावू नये. आजीने, काकूने, कोणी तरी तिला जवळ घेऊन विचारावे. आणि उत्तर ऐकून 'सर असे करणार नाहीत' हे पहिले वाक्य तोंडातून येऊ देऊ नये. एकत्र कुटुंबात मोठ्यांविषयी वाईट न बोलण्याची जी रीत आहे ती इथे घातक ठरते. मोकळ्या मैदानात सराव, पालकांस केव्हाही येऊन पाहण्याची मुभा, प्रवासात सोबत एखादी वडीलधारी स्त्री, इतके मागण्यात प्रशिक्षकाचा अपमान होत नाही. चांगला प्रशिक्षक ते न मागता देतो.

द्रोणाचार्य पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, १९८५ साली, तो तिघांस मिळाला. त्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज होते आणि पी. टी. उषा हिला घडविणारे नंबियार होते. १९८४ च्या ऑलिंपिकात उषेचे कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्या पराभवानंतर गुरु आणि शिष्या पुन्हा सरावास लागली.

भिल्लांविषयी एक गोष्ट सांगतात, की एकलव्याच्या स्मरणार्थ ते बाण सोडताना अंगठा लावीत नाहीत. सातपुड्यातील ही समजूत किती जुनी असेल ती असो. ऑलिंपिकात उतरणारे धनुर्धरही आज प्रत्यंचा ओढतात ती तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनीच.